जिवलग मित्रासोबत भागीदारीत मशीन शॉप टाकतोय. कागदाचा विषय त्याच्याकडे कसा काढू?

टूलरूम | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार. बरीच वर्षं इथं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

वय ३६. शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये १४ वर्षं काढली. ऑपरेटर म्हणून लागलो, मग सेटर झालो, आता शिफ्ट बघतो. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) हात बसलाय. कास्टिंग (ओतीव भाग) हातात आलं की क्लॅम्प कुठं घ्यायचा, कापताना कुठं थरथर (चॅटर) येणार ते कळतं. स्वतःचं काहीतरी करायचं हे पाच-सहा वर्षं डोक्यात आहे.

मित्र पाचवीपासूनचा. शिवाजी पेठेत एकाच बोळात घरं, तालीम एक, शाहू स्टेडियमवर मॅच बघायची ती पण एकाच पायरीवर बसून. त्याचं लक्ष्मीपुरीत हार्डवेअरचं दुकान आहे, बरं चालतं. उद्यमनगरात त्यांचा गाळा आहे. पूर्वी वडिलांचे लेथ होते तिथं, आता तीन वर्षं शटर बंद. त्याचं म्हणणं असं, की गाळा आहेच, तो १२ लाख घालतो, मी ४ लाख घालायचे, १० लाख बँकेचे काढू, एक चांगली सेकंडहँड व्हीएमसी आणि कॉम्प्रेसर घेऊ. मी नोकरी सोडून पूर्णवेळ बघायचं, तो संध्याकाळी दुकान उरकून येणार. नफा फिफ्टी-फिफ्टी.

मी विचारलं, लिहून काय करायचं? तर म्हणाला, "आपल्यात कसला कागद रे?"

मी गप्प बसलो. कारण सांगतो. २०१८ ला माझ्या वडिलांना ॲटॅक आला तेव्हा रात्री दीड वाजता हा माणूस ४० हजार रुपये रुमालात बांधून दवाखान्यात आला. मी मागितले नव्हते. सात-आठ महिन्यांनी परत दिले तर त्यानं मोजलेसुद्धा नाहीत, तसेच खिशात घातले. आता त्याच्यापुढं स्टॅम्पपेपर कुठल्या तोंडानं ठेवू?

बायको म्हणते, भावजींशी आत्ताच नीट बोलून घ्या, पुढं मला बोलायची पाळी आली तर वाईट दिसेल. तिचंही खोटं नाही.

ज्यांनी मित्राबरोबर धंदा केलाय त्यांनी लिहा. चाललेला असो नाहीतर मोडलेला.


पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ११:३२

भावा, करू नको. दोस्तीत व्यवहार आला की दोस्ती जाते आणि व्यवहार पण जातो. माझ्या बघण्यात चार उदाहरणं आहेत, चारही तशीच.


टूलरूम | रविवार, रात्री ११:४१

दादा, पण दुसरं कोण देणार मला १२ लाख आणि गाळा? आणि अनोळखी माणसाबरोबर केलं तर मोडत नाही असं थोडंच आहे.


जुना_लेथवाला | सोमवार, सकाळी ६:५०

तुझं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी पहिल्यांदा हेच लिहायला बसलो. वयानं मोठा आहे, अरे-तुरे करतो.

मी आणि माझा मित्र, गोकुळ शिरगावला, २००९ ते २०१६. तीन लेथ, एक रेडियल ड्रिल, पुढं एक टर्निंग सेंटर. फौंड्रीकडून (ओतकामाचा कारखाना) कास्टिंग यायचं, आम्ही मशीनिंग करून द्यायचो. तोंडी फिफ्टी-फिफ्टी. मी सकाळी सातला शटर उघडायचो, तो पार्ट्या (काम देणारी गिऱ्हाइकं), बँक, वसुली बघायचा. पहिली तीन वर्षं इतकी चांगली गेली की घरची माणसं आम्हाला हसायची, दोघं एका डब्यातून जेवायचो म्हणून.

लोकांना वाटतं पैशावरून फाटतं. आमचं पैशावरून फाटलं नाही. चौथ्या वर्षी त्याच्या मुलीची ॲडमिशन होती. त्यानं खात्यातून अडीच लाख उचलले. मला विचारलं असतं तर मी पाच घे म्हणालो असतो, देवाशपथ. पण मला ते पासबुकात दिसलं. मी काही बोललो नाही. तिथंच चुकलं. त्या दिवसापासून मी त्याचे चहा मोजायला लागलो. आज किती वाजता आला, मोटरसायकलमध्ये कितीचं पेट्रोल घातलं, पार्टीला जेवायला घेऊन गेला ते कुठल्या हॉटेलात. डायरीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहायचो. एकदा त्याला ते पान दिसलं. त्यानंही काही विचारलं नाही.

मग २०१५ ला एका पार्टीनं ३१२ नग नाकारले. बोअरमध्ये (आतल्या भोकात) ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, उघडले होते. तुला माहीत आहे, मशीनिंगनंतर आतून उघडलेला ब्लोहोल हा कास्टिंगचा दोष, सीआर. पण त्यांनी तो एमआर, म्हणजे मशीनिंगचा दोष, म्हणून आमच्या माथी मारला आणि १ लाख ८० हजारांची डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) काढली. मित्रानं फोनवरच सांगितलं, "ठीक आहे साहेब, घालून घ्या." पार्टी टिकावी म्हणून. त्याच्या बाजूनं ते बरोबरही असेल. पण मशीनवर मी उभा होतो रे. माझं काम वाईट होतं असं त्यानं मला न विचारता कबूल करून टाकलं, असं मला वाटलं. दोन तास भांडलो, पोरं मशीन बंद करून बघत उभी होती. पूर्वीचं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं. अडीच लाख, पेट्रोल, चहा, डायरीतलं पान.

वाटणीला चौदा महिने लागले. टर्निंग सेंटर त्याच्याकडं, लेथ माझ्याकडं. किंमत कशी धरायची हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून दोन्हीकडचे पाहुणे मध्ये पडले, आणि पाहुणे पडले की गोष्ट घराबाहेर जाते.

मागच्या वर्षी त्याची आई गेली. त्या काकूंच्या हातची आंबील पिऊन मी मोठा झालोय. पंचगंगेच्या स्मशानात गेलो आणि मागं उभा राहिलो, गर्दीत. पुढं जायचं धाडस झालं नाही.

तू करू नको असं मी म्हणत नाही. पण पैसे कोण कधी उचलणार आणि पार्टीला शब्द कोण देणार, या दोन गोष्टी आधी बोल. आमच्या सात वर्षांत त्या कधी बोलल्याच गेल्या नाहीत.


पंचगंगाकाठ | सोमवार, सकाळी ८:१५

काका, वाचून गलबललं.


हिशेबनीस | सोमवार, दुपारी १:२०

मी करसल्लागार आहे, राजारामपुरीत बसतो, रोज हेच बघतो. तुमचेच आकडे घेऊन सांगतो. कलमं पाठ करायची गरज नाही, पण "फिफ्टी-फिफ्टी" या शब्दाचा कायद्यात अर्थ काय होतो ते आधी कळायला पाहिजे.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. तुम्ही काहीच लिहून ठेवलं नाही तर भागीदारी नाही असं होत नाही. भागीदारी असतेच, फक्त तिचे नियम तुमच्या ऐवजी त्या कायद्यातले लागतात. त्यातला पहिला, नफा आणि तोटा दोन्ही समान. नफ्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, तोट्याचं गणित करून बघा. मित्राचे १२ आणि तुमचे ४, एकूण १६ लाख. समजा धंदा बसला आणि सगळं देणं भागवून हातात शून्य राहिलं. तोटा १६ लाख, प्रत्येकाच्या वाट्याला ८. मित्राचे १२ गेले म्हणजे तो ४ नं जास्त बुडाला. तुमचे ४ गेले म्हणजे तुमच्याकडून ४ यायचे राहिले. ते ४ लाख तुम्ही मित्राला खिशातून द्यायचे. तुमची नोकरी गेलेली, पुंजी गेलेली आणि वर जिवलग मित्राचं ४ लाख देणं. तो मागणार नाही कदाचित. पण तुम्हाला रात्री झोप लागेल का?

यावर उपाय साधा आहे. त्यानंही भांडवल ४ लाखच घालावं, वरचे ८ लाख फर्मला कर्ज म्हणून द्यावेत. भांडवल समान, नफा समान, आणि कर्जावर त्याला व्याज. आधी व्याज आणि हप्ता, मग नफा. लिहिलेलं नसेल तर भांडवलापेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर कायदा वर्षाला ६ टक्के धरतो. करारात लिहिलं तर आयकरात १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज फर्मला खर्च म्हणून मिळतं.

दुसरं, तुमचा पगार. तुम्ही बारा तास उभे, तो दोन तास. करार नसेल तर कायद्याप्रमाणे भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही, कितीही राबला तरी. करारात रक्कम किंवा हिशेबाची रीत लिहिलेली असेल तरच तो आयकरात मान्य होतो, त्यालाही मर्यादा आहे. आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार, व्याज वगैरे वर्षात २० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. त्यासाठी फर्मचा टॅन (टीडीएस भरायचा नंबर) काढावा लागेल. हे बऱ्याच जणांना वर्षअखेरीला कळतं.

तिसरं, बँकेचे १० लाख. निम्मे तुमचे, निम्मे त्याचे, असं बँक बघत नाही. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकटाही पुरा जबाबदार असतो. उद्या मित्राच्या दुकानाचं काही झालं तर बँक पूर्ण १० लाखांसाठी तुमच्या दारात येऊ शकते. आणि एका भागीदारानं धंद्याच्या ओघात पार्टीला दिलेला शब्द सगळ्या फर्मवर बंधनकारक असतो. लेथवाले काकांच्या मित्रानं फोनवर जे कबूल केलं ते काकांच्या अंगावरही येऊ शकतं.

२००८ च्या कायद्याप्रमाणे एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारीही करता येते. तिथं जबाबदारी आपल्या वाट्यापुरती राहते. पण बँक बहुतेक वेळा वैयक्तिक जामीन घेतेच, मग तेवढ्यापुरता फायदा उरत नाही. शिवाय धंदा असो-नसो, दरवर्षी फॉर्म ८ आणि फॉर्म ११ भरावे लागतात, चुकलं की दंड. एका मशीनच्या शॉपला मी साधी नोंदणीकृत भागीदारी सुचवेन. नोंदणी मात्र कराच. बिननोंदणीच्या फर्मला पार्टीनं पैसे बुडवले तर करारावर दावा लावता येत नाही.


टूलरूम | सोमवार, रात्री ९:०५

तो चार लाखांचा हिशेब मी तीनदा वाचला, मग बायकोला वाचून दाखवला. आम्हाला वाटत होतं, बुडाले तर आपले चारच बुडतील. हिशेबनीस सर, तुमचे उपकार.

लेथवाले काका, तुमच्या पोस्टवर काय लिहावं कळत नाही. सकाळी ब्रेकमध्ये वाचली. परत मशीनवर गेलो तर टूलचं माप (ऑफसेट) टाकताना हात थांबला.


गिरणमशीन | सोमवार, रात्री १०:३०

भागीदारीचं बोला, पण आधी कामाचं बोला. पार्टी आहे का हातात? माझ्याकडं दोन व्हीएमसी आहेत, तासाला ४५० सुटतात, त्यात इन्सर्ट (कापायची पाती), कूलंट, लाईट, ऑपरेटर सगळं. महिन्यात २० दिवस दोन शिफ्ट भरल्या तरच हप्ता अंगाला लागत नाही. आणि पेमेंट ९० दिवसांनी येतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांच्या आत द्यायचं लिहिलंय, उद्यम नोंदणी केली की तो हक्क मिळतो, पण नवी पार्टी तुटेल म्हणून कोणी मागत नाही. तीन-चार महिन्यांचं खेळतं भांडवल बाजूला ठेवल्याशिवाय मशीन घेऊ नका.

आणखी एक. आत्ताच्या मालकाच्या पार्ट्या घेऊन बाहेर पडायचा विचार असेल तर सोडून द्या. कोल्हापुरात फौंड्रीवाले आणि मशीन शॉपवाले सगळे एकमेकांना ओळखतात. मालकाला स्वतः जाऊन सांगा. मी सांगितलं होतं, पहिलं काम त्यांनीच दिलं.


चटणीवाली | मंगळवार, दुपारी ३:४५

सगळे पुरुषच लिहितायत म्हणून मीही लिहिते. मी आणि माझी मैत्रीण, कांदा-लसूण चटणी आणि मसाले, ९ वर्षं झाली. कॉलेजपासूनची मैत्री. धंदा चालू आहे आणि मैत्रीही आहे.

आम्ही पहिल्या महिन्यातच लिहून काढलं होतं, ते शाळेच्या दोनशेपानी वहीत. स्टॅम्पपेपर नंतर झाला. मी तिला जे म्हणाले ते तुम्हाला उपयोगी पडेल. मी म्हणाले, "हा कागद तुझ्या-माझ्यासाठी नाहीये. तुझा नवरा, माझा नवरा, तुझ्या सासूबाई आणि माझा दीर, यांच्यासाठी आहे. उद्या कोणी विचारलं की पैसे कुठं गेले, तर आपण दोघींनी वही पुढं करायची आणि कामाला लागायचं." ती लगेच तयार झाली, कारण घरचे विचारणार हे तिलाही माहीत होतं.

आमचं एकच मोठं भांडण झालं, मिरचीवरून. आम्ही संकेश्वरी आणि ब्याडगी मिसळून घेतो. संकेश्वरीनं तिखटपणा येतो, ब्याडगीनं रंग. उन्हाळ्यात वर्षाची खरेदी होते. एका वर्षी भाव उतरला म्हणून तिनं मला न विचारता ६० किलो जास्त उचलली. ऊन दाखवायचं राहिलं, पावसाळा लागला, आणि जुलैमध्ये पोतं उघडलं तर देठाला पांढरी बुरशी. मी तोंडाला पदर लावून ती मिरची एकेक करून निवडली, बाजूला ती बसली होती, डोळे लाल. मिरचीनं की कशानं ते मी विचारलं नाही. त्या रात्री वहीत एक ओळ वाढली, १० हजारांच्या वरची कुठलीही खरेदी दुसरीला फोन केल्याशिवाय करायची नाही, आणि चेकवर दोघींच्या सह्या. तिला राग नाही आला. तीच म्हणाली लिही म्हणून.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीत तिच्या घरी पाणी शिरलं. तळमजल्यावर आमचा तयार माल होता, सगळा गेला. तिच्या घरात होता म्हणून तिचं नुकसान, असं माझ्या घरात एकजण म्हणालं. वहीत लिहिलेलं होतं, माल कुठंही असो, माल फर्मचा. मला वाद घालावा लागला नाही. पान उघडून दाखवलं. तुमच्या गाळ्यातल्या मशीनचा विमा घ्याच, पुरासकट.

दर सोमवारी चारला आम्ही बसतो. त्या अर्ध्या तासात घरचा विषय नाही, मुलांचा नाही, फक्त हिशेब. साडेचारला चहा ठेवते आणि मग आम्ही मैत्रिणी.


पेठेतला | मंगळवार, सायंकाळी ६:१०

ताई, नाद खुळा. हे सोमवारचं मी पण चालू करतोय, माझ्या सख्ख्या भावाबरोबर.


थोरली_पाती | मंगळवार, रात्री ११:२०

मी दुसऱ्या पिढीतला आहे. वडील आणि त्यांचे मित्र, त्यांना मी काकाच म्हणतो, दोघांनी १९८८ ला छोटी फौंड्री काढली. काहीही लिहिलेलं नव्हतं. बँकेत खातं उघडायला काहीतरी पानभर कागद केला होता, तोच. तेहेतीस वर्षं एकदाही आवाज चढला नाही. त्यामुळं "मित्र सच्चा असेल तर कागद लागत नाही" असं मीही मानायचो.

मे २०२१ ला वडील कोरोनात गेले. आता काकांचं ऐका. तेराव्याला घरी आले, कापडी पिशवीतून वह्या काढल्या आणि आईच्या पुढं ठेवल्या. म्हणाले, वहिनी, तुमचा प्रत्येक पैसा यात आहे. आणि होता. आईला वाचायचीही गरज वाटली नाही.

पण कायद्यानं वडील गेले त्या दिवशी फर्म संपली होती. भागीदार गेला की फर्म विसर्जित होते, तसं होणार नाही असं करारात लिहिलेलं नसेल तर. बँकेनं खातं थांबवलं. लाईट बिल थकलं. भट्टीचा कोक आणि कच्चं लोखंड (पिग आयर्न) देणाऱ्यांना काकांनी स्वतःच्या नावावर उधारी मागितली. सव्वीस कामगारांचा तीन महिन्यांचा पगार त्यांनी काकूंचं सोनं ठेवून केला, हे आम्हाला वर्षानं कळलं. माझ्या आत्यांनी वारसा हक्काचं विचारलं, तर त्या माणसाला उत्तर द्यायला कागद नव्हता. ६७ वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर मान खाली घालून बसला होता. ज्यानं एक रुपया इकडचा तिकडं केला नाही, तो.

वाईट मित्रापासून वाचायला कागद करतात असं लोक समजतात. आमच्याकडं चांगल्या मित्राला त्याची शिक्षा झाली. तुझ्या मित्रावर तुझा जीव असेल तर त्याच्यासाठी कर.


जुना_लेथवाला | बुधवार, सकाळी ७:०५

तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग.


हिशेबनीस | बुधवार, सकाळी १०:४०

थोरली पाती यांनी लिहिलेलं करारात एका वाक्यात बसतं. एक भागीदार वारला किंवा बाहेर पडला तर फर्म मोडणार नाही, असं. फक्त भागीदार दोघंच असतील तर एक गेल्यावर उरलेला एकटा, आणि एकट्याची भागीदारी नसते. म्हणून त्याच्या जागी कोण येणार, पत्नी की मुलगा, हेही लिहायचं. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणत्या तारखेच्या ताळेबंदावर, मशीनची किंमत कोण ठरवणार, पैसे किती हप्त्यांत, हेही. काकांचे चौदा महिने इथंच गेले. आणि टूलरूम, एक प्रश्न राहिलाच. गाळा नक्की कोणाच्या नावावर आहे?


टूलरूम | बुधवार, सकाळी १०:५५

वडिलांच्या, असं तो म्हणाला. विचारतो.


टूलरूम | शुक्रवार, रात्री १२:१५

बोललो. झालं तसं लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून लिहिलंत.

बुधवारी रात्री दोघं गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो, आमची जुनी जागा. म्हैस समोर पिळतात, फेसाळ ग्लास हातात येतो. घरातून पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, "दवाखान्यातले पैसे मी परत दिले तेव्हा तू मोजले नाहीस. धंद्यात मला मोजायचे आहेत, नाहीतर मी तुझे चहा मोजायला लागेन." लेथवाले काका, तुमचं वाक्य वापरलं, माफ करा.

तो काहीच बोलला नाही. ग्लासातला फेस बसला तरी त्यानं तोंडाला लावला नाही. मग म्हणाला, "तुला माझ्यावर भरोसा नाही व्हय?"

मी चार लाखांचा हिशेब सांगितला. खिशातल्या चलनाच्या पावतीमागं लिहून दाखवला. त्यानं कागद दिव्याखाली धरून वाचला. म्हणाला, "म्हणजे बुडालो तर तू मला चार लाख देणं लागतोस?" मी म्हटलं, कायद्यानं. तर म्हणाला, "हे कुणी लिहिलं कायद्यात? पुसून टाक." मी म्हटलं, तेच पुसायला कागद करायचा आहे.

मग बराच वेळ आम्ही दोघं गप्प. आणि मग त्यानं स्वतःहून सांगितलं. गाळा वडिलांच्या नावावर आहे, पण थोरल्या भावाला तो विकायचा आहे. दोन महिने घरात त्यावरून चालू आहे. वडील याच्या बाजूनं आहेत, पण भावाला नाही म्हणत नाहीत. "आपली मशीन तिथं बसली की दादा गप्प बसेल असं वाटलं होतं," असं म्हणाला. मला सांगायची लाज वाटत होती त्याला. म्हणून कागद नको म्हणत होता. कागद केला तर गाळ्याचं पहिल्या पानावरच आलं असतं.

मला राग आला नाही. उलट सव्वीस वर्षांत हा पोरगा माझ्यापुढं पहिल्यांदा अडकलेला दिसला. आठवडाभर मी याच्यापुढं स्टॅम्पपेपर कसा ठेवायचा म्हणून झुरत होतो आणि हा दोन महिने माझ्यापासून घरचं भांडण लपवून झुरत होता.

गुरुवारी सकाळी दोघं त्याच्या घरी गेलो. वडील, दादा, आम्ही दोघं. दादांना वाटत होतं गाळा फुकट अडकणार. भाडं देणार म्हटल्यावर ऐकून घेतलं. पाच वर्षांचा रजिस्टर भाडेकरार करायचा, भाडं वडिलांच्या खात्यावर. ते दोघा भावांत कसं जाईल ते त्यांचं ते बघतील. दादांनी तीन वर्षं म्हटलंय, आम्ही पाच म्हणतोय. अजून ठरायचंय. ते सहीनिशी झाल्याशिवाय मी राजीनामा देणार नाही, हे मित्राला सांगितलं. तो म्हणाला, देऊ पण नकोस.

बाकी हिशेबनीस सरांनी सांगितलं तसं. चार-चार भांडवल, त्याचे आठ कर्ज, मला दरमहा २२ हजार. १० हजारांचा नियम चटणीवाली ताईंचा. आणि डेबिट नोट दोघांनी बघितल्याशिवाय कोणी हो म्हणायचं नाही, हे मित्रानंच घालायला लावलं, काकांची पोस्ट मी त्याला वाचायला दिली होती.

माझ्या मालकांना सोमवारी सांगणार आहे. त्याची भीती अजून आहे.


चटणीवाली | शुक्रवार, सकाळी ७:३०

दादांना पहिल्या पूजेला मानानं बोलवा. त्यांच्या हातानं नारळ फोडा.


गिरणमशीन | शुक्रवार, सकाळी ९:००

भाड्यानं गाळा म्हणजे वीज लोड वाढवायला मालकाची संमती लागेल. करारातच लिहून घ्या, नाहीतर महावितरणच्या अर्जासाठी परत दादांच्या पाया पडावं लागेल.


टूलरूम | शुक्रवार, दुपारी १:१०

लिहून घेतो. एक सेकंडहँड व्हीएमसी कळलीय, बीटी ४० स्पिंडल, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत. शनिवारी बघायला जाणार. करार व्हायच्या आधी घेणार नाही, पण बघून ठेवतो.


जुना_लेथवाला | शुक्रवार, दुपारी १:४०

घाई करू नको. नुसतं चालवून दाखवतील त्यावर जाऊ नको. मशीन थंड असताना बघ, मग स्पिंडल अर्धा तास पळवून परत बघ. स्पिंडलच्या टेपरमध्ये टेस्टबार (तपासायची सरळ दांडी) लावून वर आणि खाली दोन्हीकडं रनआउट घे, म्हणजे फिरताना किती हलतो ते. टेबल पुढं-मागं करून बॅकलॅश (ढिलेपणा) बघ. कंट्रोलरमधली अलार्मची यादी उघडायला लाव, नाही म्हणाले तर तिथूनच परत फिर. टूल चेंजर वीस वेळा फिरव.

टेस्टबार आणि मायक्रॉनचं डायल माझ्याकडं आहे. वापरात नाही, पण तेल लावून ठेवलंय. तुम्हा दोघांना चालत असेल तर मी येतो.


टूलरूम | शुक्रवार, दुपारी १:४८

काका, चालतंय म्हणजे काय! मित्राला आत्ताच फोन केला. तो म्हणाला काकांना घरातनं घ्यायला मी गाडी घेऊन जातो. साडेनऊला निघू. पत्ता मेसेजमध्ये पाठवा.